पाण्यासकट लिहा

पेशकारानं कागद माझ्या हातात दिला न्हाय. टेबलावरनं खाली टाकला. म्हणला, "उचल."

मी वाकले. कागद त्येच्या खुर्चीच्या पायाशी पडला व्हता, म्हून आणखी वाकावं लागलं. उमरग्याच्या तहसील कचेरीत त्या दिशी बाजारची माणसं लई. सगळी बघत व्हती.

"तुझा नवरा दर्या ओलांडून गेलाच न्हाय," पेशकार म्हणला. साहेबाला कागद वाचून दाखवायचं काम त्येचं. "इथं साफ लिहिलंय. सगळी नोकरी हिंदुस्थानातच."

"साहेब, ते बसऱ्याला गेले व्हते. जहाजातनं."

"मग कागद खोटा काय? पलटणीतून सोडताना दिलेला कागद हाय. वर शिक्का हाय."

भिंतीला टेकून बसलेला एक जण बोलला, "पुण्यात कुणी ठेवली असंल. बायकोला सांगितलं, लढाईवर गेलतो."

सगळी कचेरी हसली. दारावरचा शिपाईबी हसला. पेशकारानं डबी काढली आन पानाला चुना लावाय लागला. मला त्या हसण्यापरीस ह्येच्या चुन्याचा राग आला. माझ्या नवऱ्याची अब्रू चालली आन ह्येला पान खायाचं सुचतंय.

मी संशयी बाई हाय. लोक म्हणतात, म्हणू द्या. महारवाड्यात जन्मलेल्या बाईला कुणी गोड बोललं तरी भ्यावं लागतं आन कुणी वंगाळ बोललं तरी भ्यावं लागतं. संशय धरला म्हून तर आजवर जित्ती हाय.

आमचं गाव मुरुमच्या अलीकडं. लढाई चालू असताना धनी निजामाच्या हद्दीतनं चालत सोलापूरला गेले आन भरती झाले. खच्चरांच्या पलटणीत घातलं. खच्चरांवर रसद लादायची, त्येंच्यासंगं चालायचं. त्याच पलटणीत आमच्या गावचे धाकले देशमुख जमादार व्हते. शिकलेले, बापाशी भांडून गेलेले. गावातनं हे दोघंच गेले. एक हुकूम सोडणारा, एक खच्चर हाकणारा.

लढाई सरल्यावर दोघं माघारी आले. धाकले देशमुख दर्या ओलांडून आले म्हून बाटले, तर त्येंना शुद्ध करून घेतलं. ओढ्यावर डोकं भादरलं, गोमूत्र पाजलं, गावजेवण घातलं. त्या जेवणाची लाकडं धन्यांनी फोडली आन म्या वाहिली. धनी खोकत खोकत हसायचे. म्हणायचे, "एकाच जहाजातनं आलो की आमी. तो दर्यानं बाटला, मी कामून न्हाय बाटलो?"

मी म्हणलं, "हळू बोला. ऐकलं तर चामडी सोलतील."

तो खोकला तिकडचाच. वाळूचा. त्यातच धनी गेले. जायच्या आधी मला एक गोष्ट सांगून गेले. मलाच न्हाय, शेजारपाजारच्यांनाबी सांगितली, तेच नडलं पुढं. तिकडं वाळूत पलटणीची वाट चुकली. पाणी सरलं. धाकले देशमुख उन्हानं पडले, डोळे पांढरे झाले. धन्यांच्या बाटलीत थोडं उरलं व्हतं. ते त्येंच्या तोंडाला लावलं. धनी म्हणायचे, "आधी त्येनं तोंड फिरवलं. मरायला टेकलं तरी तोंड फिरवलं बघ. आन मंग बाटली सोडंना."

धन्यांच्या माघारी कानावर आलं की लढाईवर दर्यापार गेलेल्यांच्या घरच्यांना गायरानातला तुकडा मिळणार हाय. मला जमिनीची हाव न्हवती. मला सुटका पायजे व्हती. देशमुखाच्या गोठ्यातलं शेण काढा, मेलेलं ढोर ओढा, हाळी आली की निरोप घेऊन पळा, आन वरनं शिळी भाकर टाकली की पदर पसरा. स्वतःचा तुकडा असला तर ह्ये सगळं सुटलं असतं. येवढ्यासाठी कागद घेऊन उमरग्याला गेले. आन तिथं कळलं, कागदात धनी गेलेच न्हाईत.

पेशकार शेवटी म्हणला, "त्याच पलटणीच्या हुद्देदाराची शहादत आण. तो म्हणला की ह्यो माणूस माझ्यासंगं तिकडं व्हता, तर कागद वर पाठवू. दुरुस्त होईल."

म्हणजे देशमुखाचीच साक्ष.

वाटंनं चालताना मला सगळ्यांचा संशय आला. पेशकाराचा आला, की ह्येनं वाचलंच उलटं. देशमुखाचा आला, की पलटण सोडताना ह्येनंच तसं लिहाय लावलं. आन गाव जवळ आलं तसा धन्यांचा आला. कशावरनं गेले? दर्याचं पाणी खारट असतं म्हणायचे. ते तर कुणीबी कुणाकडनं ऐकून सांगंल. वाळू म्हणायचे, जहाज म्हणायचे. जहाज म्या पाहिलंय व्हय? कचेरीतला तो हसणारा माणूस माझ्या डोक्यात बसून राहिला. मेलेल्या नवऱ्यावर संशय घ्यायची पाळी आणली त्या कागदानं. लई रडले मी त्या वाटंवर.

घरी सासूला म्हणलं, "आत्या, ते खरंच गेले असतील का वं?"

"माझं पोर खोटं बोलत न्हवतं."

"आईला कधी लेकरू खोटं वाटतंय का?"

ती तोंड फिरवून बसली. भाकरीबी खाल्ली न्हाय.

देशमुखाच्या दारी गेले. धाकले देशमुख ओसरीवर आले आन म्हणले, "अगं ये, ये."

जन्मात त्या दारी मला कुणी ये म्हणलं न्हवतं. थांब म्हणायचे, सर म्हणायचे, जा म्हणायचे. सगळं सांगितलं. ते म्हणले, "दुरुस्त करू की कागद. त्यात काय. सोमवारी ये." आन घरातनं भाकर आली. ताजी. वर कालवण. मी ती भाकर घरी नेली, सासूनं खाल्ली. मला घास जाईना. ताजी भाकर कामून, ह्येच डोक्यात.

सोमवारी गेले तर ओसरीवर पाव्हणे बसलेले. लातूरकडचे. धाकल्या देशमुखांना मुलगी द्यायला आलेले. मधी थोरले देशमुख, काठीवर हात ठेवून. आन खाली अंगणात, मातीत, एका पानावर खंडोबाचा बेलभंडार ठेवलेला. बेलाची पानं, वर हळद. आमच्या भागात तो हातात घेऊन खोटं बोलायची कुणाची छाती न्हाय. बोललं तर वंश बुडतो म्हणतात.

थोरले म्हणले, "पाव्हण्यांच्या कानावर वंगाळ गोष्ट गेलीय. तुझ्या नवऱ्यानं मरताना काहीबाही बरळून ठेवलं. तू बेलभंडार उचल आन सांग, तुझ्या नवऱ्याच्या हातचं पाणी आमच्या पोरानं कधी घेतलं न्हाय. तो लांब राहिला, खच्चरांजवळ. येवढं सांग. मग हा उमरग्याला येऊन शहादत देतो. तुझं काम झालं, आमचं काम झालं."

जमीन डोळ्यापुढं आली. खोटं न्हाय सांगत, आधी जमीनच आली. मंग देवाची भीती आली. आन मंग एकाएकी डोक्यात लख्ख झालं.

न पाजलेल्या पाण्याची शपथ कशाला लागती?

धनी दर्यापार गेले नसते तर ह्येंनी मला हाकलून दिलं असतं. पाणी पाजलं नसतं तर हसले असते, कचेरीतल्यासारखे. पाव्हण्यांच्या म्होरं, खंडोबा मातीत मांडून, महाराच्या रांडमुंड बाईची मनधरणी केली नसती. ताजी भाकर कशाची व्हती ते कळलं. माझा नवरा खरा व्हता. तो दर्या ओलांडून गेला व्हता, आन त्येनं ह्या माणसाला जगवलं व्हतं. आन ही माणसं मला त्येचा जिता जागता उपकार पुसाय लावत व्हती. माझ्याच हातानं. मी त्येच्यावर संशय घेतला, तो ह्येंच्यावर घ्यायला पायजे व्हता.

धाकल्या देशमुखांकडं बघितलं. ते पाव्हण्यांच्या जोड्यांकडं बघत व्हते.

म्या बेलभंडार उचलला. हळद हाताला लागली. म्हणलं, "खंडोबाची शपथ. माझ्या नवऱ्यानं आपल्या बाटलीतलं पाणी धाकल्या मालकांना पाजलं. मालकांनी आधी तोंड फिरवलं. मंग बाटली सोडली न्हाय."

मंग थोरल्यांची काठी आपटली. धाकले बारीक आवाजात म्हणले, "खोटं बोलती ती."

म्या पान परत खाली ठेवलं, जिथं व्हतं तिथंच. म्हणलं, "मग या खाली मालक. तुमी उचला."

ओसरीला दोनच पायऱ्या. त्येनं पाय खाली टाकला न्हाय. पाव्हण्यांतला म्हातारा लई वेळ त्येच्याकडं बघत बसला, मंग उठला आन जोडे घालाय लागला.

त्येच्या पुढं जे झालं ते सोपं न्हवतं. शहादत मिळाली न्हाय. देशमुखानं सगळ्या महारवाड्याची भाकर बंद केली, तवा आमच्याच लोकांनी मला शिव्या दिल्या. म्हणले, एका बाटलीपायी आमच्या पोटावर पाय दिला. त्येंचं पोट जळत व्हतं, बोलणारच. पर मी त्या गोठ्यात परत पाय ठेवला न्हाय. हाळी आली तरी उठले न्हाय. सासू आन मी उमरग्याकडच्या सडकंवर खडी फोडायला गेलो. हाताची सालं निघाली. सासू खडी फोडताना मधीच म्हणायची, "माझं पोर खोटं न्हवतं बोलत." मी म्हणायची, "व्हय आत्या." आता मनापासनं म्हणायची.

उमरग्याला मी जात राहिले. एकदा पेशकार आपण होऊन गोड बोलला. "देशमुख राजी हायेत. सही देतात. तू गावात तेवढा शब्द माघारी घे. म्हण, बाई माणूस, दुखात बोलून गेले."

म्हणजे देशमुख माझ्याआधी तिथं येऊन गेला व्हता. म्हणलं, "दुखात न्हाय बोलले. बेलभंडार उचलून बोलले."

मंग निजामाचं राज गेलं. कचेरीवरचा झेंडा बदलला. लोक गुलाल टाकत व्हते. मला वाटलं, आता बघू. पर झेंड्यावरबी माझा लगेच इस्वास बसला न्हाय. आत जाऊन बघितलं. खुर्ची तीच. पेशकार तोच. नुसती डोक्यावरची टोपी बदललेली.

"शहादत आणली?" त्येनं विचारलं.

"आणली."

"कुणाची?"

"माझी. लिहा. माझा नवरा जहाजातनं दर्यापार गेला. तिथं त्येनं गावच्या देशमुखाला पाणी पाजलं. तो जगला, माझा नवरा खोकून मेला. लिहा."

"पाण्याचं काय काम ह्यात? दर्यापार तेवढं बघू की."

"पाण्यासाठीच तुमी दर्या पुसायला निघाला. आता पाण्यासकट लिहा."

तो हसला. कागद बोटानं ढकलला. टेबलावरनं खाली पडला, पहिल्या दिशी पडला व्हता तिथंच, खुर्चीच्या पायाशी.

"उचल," म्हणला.

मी पदर खोचला आन सरळ उभी राहिले. म्हणलं, "तुमी टाकला. तुमी उचला."

कचेरीत त्या दिशीबी माणसं व्हती. कुणी हसलं न्हाय. शिपाई पुढं आला, मी त्येच्याकडं बघितलं, तो थांबला. साहेब आतनं येऊस्तोवर कागद खाली आन मी उभी. साहेब येवढंच म्हणला, पुढच्या बाजारी ये.

कागद अजून दुरुस्त झाला न्हाय. गायरान अजून देशमुखाचीच गुरं चरतात. मी दर बाजारच्या दिशी जाते, त्या टेबलाम्होरं उभी राहते आन तेच सांगते. त्येंनी टाकला तर टाकू द्या. कागद त्येंना वाकून उचलावा लागंल. मी न्हाय वाकणार.