जीपच्या पोटातलं पाणी

मुठा गावात गेणबाची जीप लोक डोळ्यांनी ओळखत नसत, कानांनी ओळखत. वळणावर ती आधी खोकायची आणि मग दिसायची. एखादा जुना नट विंगेत नुसता खाकरला तरी प्रेक्षक सावरून बसतात, तसे लोक पिशव्या उचलून उभे राहायचे. पंचवीस वर्षं गेणबाने ती पौडच्या रस्त्यावर चालवली. बाजारच्या बाया, शाळेची पोरं, टोपलीतल्या कोंबड्या, सगळं एकावर एक. आणि एखादी बाळंतीण अडली की बाकीचे सगळे न सांगता खाली उतरून चालू लागत. तीन पोरं त्या मागच्या बाकावरच जन्मली. गेणबा त्या फेऱ्यांच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा थंड व्हायचा.

आता तो अडुसष्ट वर्षांचा होता आणि जीप अंगणात उभी होती. इच्छा एकच उरली होती. नात दिशा लवळ्याच्या कॉलेजात शिकत होती. तिला गाडी चालवायला शिकवायची, तीही याच जीपवर. दिशालाही दुसरी गाडी नकोच होती. आडवा आला तो कैलास, गेणबाचा मुलगा. पिरंगुटच्या कारखान्यात त्याचा रोजचा संबंध लोखंडाशी. गेल्या हिवाळ्यात जीपचा तळाचा पत्रा गंजून भोक पडलं होतं आणि गेणबाची चप्पल चालत्या गाडीतून रस्त्यावर गेली होती. ठिगळ लावलं, पण कैलासचं मन काही सांधलं नाही.

"आबा, वरनं रंग द्या न्हाईतर हार घाला, खालनं सडलीया ती," तो म्हणाला. "रविवारी एकनाथभाऊ मिस्त्री येतोय बघाया. खालचा सांगाडा खराब निघाला तर सोमवारी भंगारवाला."

"आन धड निघाला तर?"

"तर शिकवा पोरीला. मी एक शब्द बोलणार न्हाई."

आठ दिवस होते. गेणबाला शत्रू ठाऊक होता. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो, दसऱ्यापर्यंत वरून वाळतो, आतून मात्र ओलाच राहतो. मग मुठेच्या खोऱ्यात थंडी उतरते, रोज पहाटे दहिवर पडतं, आणि त्या ओल्या चिखलाआड गंज गुपचूप आपलं काम करतो. दिवाळीच्या आत पोट धुऊन, वाळवून, रंगवून घेतलं तर गाडी वाचते.

त्याने जॅकवर विश्वास ठेवला नाही. शेताच्या कडेला घट्ट मुरमात माणूस बसेल एवढा चर खणला, दोन्ही बाजूंची चाकं दोन्ही काठांवर घेत जीप वर आणली, चाकांना दगड लावले आणि तो खाली उतरला. वरून दिशाने पंपाचा पाइप धरला. चिखल ढेकळांनी सुटून पडू लागला. उरलेला खरवडायला गेणबाने स्वयंपाकघरातून उलथनं पळवलं.

"माझं उलथनं कुटं हाय?" त्याची बायको धोंडाबाई दारातून म्हणाली.

"कामात हाय," चरातून आवाज आला.

"आता पिठलं काय त्या जीपला वाढू?"

दोन दिवस ऊन खाऊ दिल्यावर गेणबाने तारेच्या ब्रशने गंज घासून काढला. तांबडा ऑक्साइड लावला, आणि तो वाळल्यावर डांबरी काळा रंग. ब्रेक आणि सायलेन्सरला तेवढा रंग लागू दिला नाही. मोबाइलचा उजेड धरून दिशा काठावर पालथी पडली होती.

आणि तिथे त्याला सांगाड्यात बारकी बारकी भोकं दिसली. एक नाही, अकरा.

आता भाताच्या खाचरात वाढलेला माणूस. सात वर्षांचा असल्यापासून बांधावर फिरून खेकड्यांची बिळं बुजवत आलेला, कारण एक बीळ राहिलं तरी रातोरात खाचर रिकामं होतं. भोक दिसलं की त्याचा हात डोक्याला विचारत नसे. त्याने भेगा बुजवायची लांबी मळली आणि अकराच्या अकरा भोकं अंगठ्याने दाबून बंद केली, वर काळा रंग फिरवला.

"आता थेंब शिरायचा न्हाई," तो दिशाला म्हणाला.

शनिवारी दुपारी त्याने जीप चरावरून काढून उतारावर घेतली. तेवढ्यात धोंडाबाई खांद्यावर फावडं टाकून शेतातून आली. भात पिवळं पडलं होतं, कापणीआधी ती खाचरांचं पाणी सोडून आली होती. ती वाटेत थांबली.

"अवं, परत एकदा मागं-पुढं करा बरं."

गेणबाने केली. जीपच्या पोटात भरल्या हंड्यासारखं डुचमळलं.

"पाणी हाय तिच्या पोटात," धोंडाबाई म्हणाली.

"असं कसं आसंल? सगळी भोकं बुजवलीत मी."

"सगळी? आन शिरलेलं पाणी जाणार कुठनं? आमी बिळं बुजवतो, पर पाणी काढायची मोरी ठेवतो का न्हाई? मोरीबी बुजवली का तुमी?"

गेणबा गाडीतच बसून राहिला. पंपाने धुतलेलं पाणी सांगाड्याच्या पोकळीत गेलं होतं, दोन दिवसांच्या उन्हाने आतपर्यंत वाळलं नव्हतं, आणि त्याने प्रेमाने ते आत कोंडलं होतं. गंजाला घर बांधून दिलं होतं. उद्या रविवार.

मग तो असा हसत सुटला की दिशालाही हसू आवरेना. जीप पुन्हा चरावर गेली. गेणबाने खालून लांबी टोकरली आणि पहिलं भोक उघडताच तांबडं पाणी थेट त्याच्या तोंडावर आलं. अकरावं भोक मोकळं होईपर्यंत तो शिमग्यात रंगल्यासारखा दिसत होता. धोंडाबाईने स्वतः चरात उतरून प्रत्येक भोकात खराट्याची काडी फिरवली. मोरी तिच्या हातची, खात्री तिचीच.

रविवारी एकनाथ मिस्त्री आला. तो हातोडी घेऊन खाली गेला, आणि वर चार माणसं त्या ठोक्यांकडे कान लावून बसली. ठण. ठण. मागच्या बाजूला एक ठोका जरा बसका वाजला आणि दिशाने आजीचा हात पकडला. पुन्हा ठण.

"मागची एक पट्टी बदला," एकनाथ वर येत म्हणाला. "बाकी सांगाडा खणखणीत हाय. पाणी जायाची भोकं कुणी साफ केली? लोक हमखास बुजवून टाकतात येड्यावाणी."

धोंडाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. गेणबाने आभाळाकडे.

"घरच्यांनी केली साफ," तो म्हणाला.

कैलासची खात्री पटेना. तो शर्टासकट चरात उतरला, स्क्रू-ड्रायव्हरने जागोजागी टोचून पाहिलं आणि काळे हात घेऊन वर आला. त्याने भंगारवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. न्हाई, दुसऱ्या कुणाला दिली न्हाई. घरातच लागतीया."

आठवड्यात पट्टी बदलून झाली. शिकाऊ परवाना दिशाच्या पाकिटात कधीचा तयार होता. सकाळी ती चालवायला बसली आणि गेणबा शेजारी चढणार, तोच कैलास तिथे बसला.

"पैल्यांदा मी बघतो," तो म्हणाला.

पंचवीस वर्षांत प्रथमच गेणबा मागच्या बाकावर गेला, बायकोच्या शेजारी. जीप खोकली, एक गचका देऊन बंद पडली.

"क्लच हळू सोड," कैलास म्हणाला.

"आरं, तिला घाई नको करू, ती लाजतीया," मागून गेणबा म्हणाला.

"पाशिंजरानं बोलू नये," धोंडाबाई म्हणाली, आणि तिसऱ्या खेपेला जीप फाटकातून बाहेर पडली.