वीज गेल्याचा अलर्ट

“हे कुणाच्या फोनवर जाणार?” असं विचारताना मॅडम उजवा हात पुढे करायच्या, तळवा वर. समोरच्याने त्यावर एक नाव ठेवायचं. नाव मिळेपर्यंत हात खाली यायचा नाही.

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात सर्व्हरची देखरेख त्यांच्याकडे होती. मी शेजारी स्टोअरमध्ये. सर्व्हर तापला, डिस्क भरली, वीज गेली, की त्यांचं सॉफ्टवेअर आपोआप कुणाच्या तरी मोबाइलवर अलर्ट पाठवायचं. कुणाच्या, ते मॅडम ठरवायच्या, आणि एका अलर्टला एकच माणूस. “सगळ्यांना पाठवलं की सगळे म्हणतात, दुसऱ्यानं बघितलं असंल,” त्या परभणीच्या ठसक्यात सांगायच्या. कॅन्टीनमध्ये कुणी आमटी खारट म्हणून ओरडलं, तरी यांचा हात पुढे. “नुसतं वरडून काय होतंय? हे कुणाच्या फोनवर जाणार?”

सर्व्हरच्या खोलीची वीज गेल्याचा अलर्ट गेटवरच्या मामांना जायचा. मामा जवळच्याच वाडीतले, कंत्राटी रखवालदार. मागचा छोटा जनरेटर सुरू करणं त्यांचं काम. त्यासाठी कंपनीने त्यांना एक फोन दिला होता, तो ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे. अलर्ट आला की उठताना म्हणायचे, “ताईचं बोलावणं आलं.” मामांनी उत्तर धाडलं नाही, तर दहा मिनिटांनी तोच अलर्ट आमच्या साहेबांकडे.

साहेबांना हे नको होतं. मीटिंगमध्ये फोन वाजतो म्हणून ते एकदा तणतणत आले. “मॅडम, वीज रोज जाते. त्यात काय अलर्ट? बंद करा.”

“सर, मग जनरेटरचं मामाला कोण सांगणार?”

“दिसतं ना त्याला!”

“गेटवरून ही खोली दिसत नाही, सर.”

साहेबांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि त्या अलर्टसमोरची टिक काढून टाकली. मी तेव्हा दारात पावती घेऊन उभा होतो. मॅडमचा हात पुढे आलेला मी पाहिला. साहेब त्या हाताला वळसा घालून निघून गेले.

मग एका दुपारी नेमकी त्या खोलीकडे येणारी लाइन गेली. मशिनं चालू, पंखे चालू, कुणाला पत्ता नाही. सर्व्हरला जोडलेली बॅटरी संपली, सर्व्हर धाडकन बंद पडला आणि ऑर्डरींची माहिती बिघडली. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. साहेबांनी संध्याकाळपर्यंत गुन्हेगार शोधला: मामा झोपले होते.

“मला कायबी आलं न्हाई फोनवर,” मामा म्हणाले. “मंग मी काय सपनात बघायचं व्हय?”

साहेबांनी फोन काढून घेतला आणि मामांना गेटाबाहेर काढलं.

वाचकहो, अशा जागी आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की जाऊ द्या, माफ करा. माझ्या घरी कामगार संघटनेची पत्रकं यायची, त्यामुळे माझं शिक्षण वेगळं झालं. माफी ही वरच्यांची आवडती चीज आहे. ती नेहमी खालच्यांनी द्यायची असते. मॅडमनी माफ केलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “मामाला परत आणायचं. आणि ह्याला घाम फोडायचा.” दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच शांतपणे उच्चारली.

हेड ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी हुकूम सोडला होता की सगळे अलर्ट पुन्हा चालू करा. मॅडमनी हुकूम तंतोतंत पाळला. वीज गेल्याचा अलर्ट आधी साहेबांना. त्यांनी उत्तर दिलं नाही, तर मोठ्या साहेबांना. आणि अलर्टचा मजकूर काय असावा, हेही त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्यालाच लिहावं लागायचं.

मोठे साहेब गिऱ्हाइकांना घेऊन आले त्या सकाळी वीज गेली. साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलाखाली दाबून गप्प केला. दहा मिनिटांनी मोठ्या साहेबांचा वाजला. त्यांनी मोठ्याने वाचलं, “वीज गेली. मामांना काढलंय. जनरेटर तुम्ही सुरू करा.” मग चष्म्यावरून बघत, “हे मामा कोण?”

मॅडमना बोलावलं, साक्षीला मला.

“त्या दिवशी सिस्टिम फेल झाली होती,” साहेब म्हणाले.

“सिस्टिम नाही, सर. टिक काढली होती.” मॅडमचा हात पुढे आला. “कुणी काढली, तुम्ही सांगता का मी सांगू?”

साहेबांनी छताकडे पाहिलं. मी म्हणालो, “मी दारात होतो.”

मामा परत आले. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्यापुढे फोन धरला. मामांनी हात मागे बांधले. “फोन नगं, साहेब. मागल्या खेपंला त्येच्यापायीच माजी भाकरी गेली. तुमास्नी कळतंयच की, हितं येऊन तोंडानं सांगा.” मोठे साहेब हसले, म्हणाले, ठीक आहे, तसंच करा. अलर्ट साहेबांकडेच राहिला.

वर्षअखेरीस साहेबांनी मॅडमचा करार वाढवला नाही. त्या गेल्या त्या दिवशी ना केक, ना भाषण. पौडकडून आलेल्या बसमध्ये त्या चढल्या, खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अजिबात वाईट वाटू देऊ नका. मला लई गार वाटलंय.” नंतर त्या हिंजवडीत लागल्याचं कानावर आलं. पुन्हा भेट नाही.

मॅडमच्या खुर्चीवर अजून कुणी नव्हतं तेव्हाची, एप्रिलातली भर दुपार. साहेब ऑफिसातून बाहेर पडले, मोबाइल हातात, टाय खांद्यावर उडालेला. डांबर मऊ झालेलं, गेटपर्यंत कुठे सावली नाही. मामा केबिनीतून त्यांना येताना बघत होते. उठले नाहीत.

“मामा, वीज गेली. जनरेटर.”

मामांनी कानामागे हात धरला. “काय म्हनलात, साहेब? जरा जवळ येऊन बोला की.”