ती नस वेगळी होती

माझी धाकटी मुलगी माझीच आहे. हे वाक्य मी तिच्या जन्माआधी माझ्या आईसमोर बोलायला हवं होतं. बोललो नाही, आणि आई उलट समजुतीतच गेली. आता मी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

सुरतेत प्लेग आला त्याच्या थोडं आधी, कडोदऱ्याच्या एका मागाच्या कारखान्यात धाग्याचा बीम उचलताना माझ्या उजव्या जांघेत गोळा आला. हर्निया. ऑपरेशन झालं, गोळा गेला, टाके सुकले. दुखणं मात्र राहिलं. जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूला करंट लागल्यासारखी कळ जाई. मांडी घालून जेवता येईना. पायजम्याची नाडी त्या जागेवर टेकली तरी डोळ्यांत पाणी येई. खोकला येतोय असं वाटलं की आधी भिंत धरायची, मग खोकायचं.

नवागामला आमची एक खोली होती. आई दोन्ही थोरल्या मुलींना घेऊन बाहेर ओट्यावर झोपे, आत आम्ही दोघं. त्या दुखण्याच्या सगळ्या काळात नवराबायको म्हणून आमच्यात काही उरलं नव्हतं. दोष कुणाचाच नव्हता, पण हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

प्लेगच्या वेळी गावाकडे पळालेले लोक परत आले, कारखाने सुरू झाले, तेव्हा एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुखऱ्या जागी सुई दिली. अर्धा दिवस काहीच दुखलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा ते म्हणाले, "टाँके में नस फँसी है. काट देंगे. दर्द जाएगा, लेकिन उतनी चमड़ी सुन्न रहेगी."

बायको शेजारी होती. तिने पदर तोंडाशी धरून विचारलं, "और कुछ तो नहीं होगा?"

डॉक्टर हसले. "बहन, ये चमड़ी की नस है. बच्चे वाली नली अलग होती है. उसको हाथ भी नहीं लगाएँगे."

हे आम्हा दोघांनाही नीट समजलं होतं. मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी न समजल्यासारखा वागलो.

ऑपरेशन झालं आणि कळ गेली. तळहाताएवढी जागा बधिर झाली; चिमटा काढला तर दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा वाटे. मी कामावर गेलो. काय केलं म्हणून विचारलं, तेव्हा नस कापली एवढंच सांगितलं. आमच्या लोकांत नस कापली म्हटलं की एकच अर्थ निघतो. बीडकडचा एक जोडीदार मागांच्या खडखडाटातून ओरडला, "काय भाऊ, नसबंदी करून आलाव म्हणं! सरकारी तुपाचा डबा मिळाला का न्हाई?"

मी म्हणालो, "डबे संपले होते. चमचा दिला."

सगळे हसले. मीही हसलो. जांघेचं सगळं समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. नळावर पाणी भरता भरता ती गोष्ट आईच्या कानावर गेली. दोन मुलींवर नस कापून आला म्हणून ती काही दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हाही मी खुलासा केला नाही.

मग बायकोला दिवस गेले. खरं तर त्या ऑपरेशनमुळेच गेले. दुखणं संपलं होतं.

आईने मला जेवायला वाढलं आणि समोर बसली. "तुन्ही नस कापेल शे ना रे? मंग हाई कोठून उनं?"

बायको स्टोव्हपाशी उभी होती. आईला खरं सांगायचं, तर आधी काय बंद होतं आणि आता काय सुरू झालं हे सांगावं लागलं असतं. ते माझ्या तोंडून निघेना. भाकरी संपवली, हात धुतला आणि पाळीला गेलो. बायको मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

"तुम्ही दवाखानामा व्हतात, मी बी व्हती. दोन शबद सांगा ना मायले."

"पाहू," मी म्हणालो.

आईने तिला साक्रीकडे माहेरी पाठवून दिलं. मुलगी तिथे झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, पण माझ्या बहिणीला आईने जाऊ दिलं नाही. मी एकटाच गेलो. आत्या कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. गाडी चुकली, म्हणालो. नाव मावशीने सांगितलं.

पुढे बायको परत आली. माझ्या आईचं सगळं तिने केलं. आईने धाकटीला कधी उपाशी ठेवलं नाही, पण मांडीवरही घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी आईजवळ बसून होतो. ती शुद्धीत होती. मी तिला पाणी पाजत राहिलो.

परवा बायकोला सांगितलं, हे सगळं लिहून काढतोय. ती म्हणाली, "तुम्हले बी मायसारखंच वाटे ना?"

मला वाटत होतं, मला खरं माहीत आहे हे तिला माहीत आहे. म्हटलं, "डॉक्टर बोलले तेव्हा आपण सोबतच होतो ना?"

"व्हतूत. पन तुमना मन्हावर भरोसा नही व्हता, असंच वाटनं मले. म्हनीसन गप बसनात."

"नाही गं. एकदाही शंका आली नाही."

ती म्हणाली, "मंग तं आखीन वाईट."

तिचं बरोबर आहे. शंका असती, तर गप्प राहायला निदान काही कारण तरी असतं.

हे लिहून झालं की आधी धाकटीला देणार आहे. ती सुरतेतच असते. गुजरातीत शिकली, पण मराठी वाचते, जरा अडखळत. बायको नको म्हणालेली नाही.