हाऊस बाय द सी

शाळेत मी इंग्रजी शिकवायचो आणि ‘बाय’ या एवढ्याशा शब्दावर माझा विशेष जीव. त्याचा मूळ अर्थ साधा: जवळ, शेजारी. पुढे तो प्रवासाला लागला, म्हणून ‘बाय बस’. काम करणाऱ्याला चिकटला, म्हणून ‘मेड बाय’. वेळेलाही त्याने सोडलं नाही, म्हणून ‘बाय इव्हनिंग’, म्हणजे संध्याकाळपर्यंत. मुलं जांभया द्यायची, मी थांबायचो नाही.

निवृत्तीनंतर बोर्डीच्या आमच्या चिकूच्या वाडीत बायकोने दोन खोल्या पर्यटकांसाठी तयार केल्या. लग्नापासून ती माझ्याच नातेवाइकांना वाढत आलेली. हे एक तरी आपलं स्वतःचं असावं, एवढंच तिचं म्हणणं. नेटवरची जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ऐटीत लिहिलं, ‘हाऊस बाय द सी’.

“अहो, पाणी कधी असतं, कधी नसतं, तेही लिहा की,” ती म्हणाली.

“‘बाय’मध्ये सगळं आलं,” मी म्हणालो.

पहिलं जोडपं मुंबईहून भर दुपारी आलं. बॅगा टाकून सुरूच्या झाडांपलीकडे गेलं आणि लगेच परतलं. ओहोटी होती. आमच्याकडे ओहोटीला समुद्र नजरेच्या टोकाला जातो आणि उरतो नुसता ओला चिखल. आम्हाला सवय, त्यांना कुठून असणार?

“समुद्र कुठेय?” गृहस्थ तापले होते. “आम्ही दुसरीकडे बघतो.”

मी ‘बाय’चा इतिहास सांगायला तोंड उघडलं. बायकोने असं पाहिलं की ते मुकाट्याने मिटलं. तिचा चेहरा पार उतरला होता. मला फार वाईट वाटलं.

भरती-ओहोटी आम्ही तिथीवरून धरतो. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “आज अष्टमी. साडेपाचच्या सुमाराला पाणी भरेल. तोवर जेवा, जरा पडा. नाही आलं तर खुशाल जा.”

वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाऊन दोघं घोरत पडली. बायको मात्र सारखी फाटकापर्यंत जाऊन येत होती. संध्याकाळी ती त्यांना घेऊन किनाऱ्यावर गेली. मागून मी गेलो, तर पाणी वाळूला लागलेलं आणि गृहस्थ पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे.

“उद्या किती वाजता?” त्यांनी तिला विचारलं.

“आजच्यापेक्षा पाऊण तास उशिरा.”

“मग उद्याही राहतो.”

घरी आल्यावर मी सवयीने जेवायच्या टेबलाशी जाऊन बसलो.

“उठा,” बायको म्हणाली. “आधी माझे पाहुणे जेवतील.”