पातेल्याची पाठ

मामींना मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. मधे एक भिंत आणि जिन्यातलं "काय, बरं आहे ना?" एवढीच आमची ओळख. पुढचं बरंचसं त्या भिंतीतून आणि कोर्टातल्या मागच्या बाकावरून कळलेलं.

मामी पडदे शिवायच्या. तोंडात टाचण्या असल्या तरी बोलणं थांबत नसे. यजमान बसड्रायव्हर. नोकरीभर सकाळी डेपोत ड्यूटीची चिठ्ठी हातात पडायची. लिहिलंय ते करायचं, नाही ते करायचं नाही, आणि संध्याकाळी चिठ्ठीवर सही घेऊन घरी यायचं. निवृत्त झाले आणि चिठ्ठी बंद झाली. तेव्हापासून साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच.

"अहो, ती बादली जरा सरकवा."

"हं," ते म्हणत. बादली तिथल्या तिथे.

पुढे त्यांचा खांदा धरला, झोप उडाली. डॉक्टरांनी कागदावर औषधं लिहिली आणि खाली टाकलं, "रोज थोडं चालावं." कागद हातात पडताच स्वारी उठली, चपला घातल्या आणि चालायला गेली! मामी बघतच राहिल्या. त्यांच्या डोक्यात किडा वळवळला तो तेव्हाच.

शिलाईमशीनच्या फळीवर कागद ठेवून त्यांनी डॉक्टरांच्या ओळीखाली आपली एक घातली, "जेवणानंतर भांडी घासावीत. खांदा मोकळा होतो." दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून असा काही आवाज आला की मला वाटलं, मांडणीच कोसळली. मग "पडदे टांगताना स्टूल धरावं" आलं. मग "पातेल्याची पाठही घासावी." इतकं राबलेला माणूस आपोआप झोपेल, या हिशेबाने मामींनी झोपेच्या गोळीपुढचं 'एक' खोडून 'अर्धी' केलं. तेवढं मात्र त्यांनी करायला नको होतं.

तरीही कुणाला पत्ता लागला नसता. पण कागदावरची औषधं संपली आणि ड्रायव्हरसाहेबांनी जुन्या सवयीने दवाखाना गाठला.

"सही द्या," ते डॉक्टरांना म्हणाले. "ड्यूटी पुरी झाली."

भांड्यांवर डॉक्टर कदाचित हसलेही असते. गोळीवर नजर गेली आणि त्यांचा पारा चढला. "उद्या काही झालं असतं तर माझ्या गळ्यात!" त्यांनी थेट पोलिसांत तक्रार केली. औषधाच्या कागदात फेरफार, फसवणूक.

"मीच केलं," मामींनी पोलिसांना सांगून टाकलं. "पण खांदा सुटला की नाही तेही लिहून घ्या."

हा तोरा वकिलाकडे जाईपर्यंत टिकला. वकील म्हणाला, "मामी, शिक्षा होऊ शकते. सगळं तुमच्या यजमानांच्या साक्षीवर आहे. फसवले गेलेत ते."

आणि यजमानांना समन्स आलेलं. छापील, वर शिक्का. हजर राहावं, खरं ते सांगावं. लिहिलंय म्हटल्यावर ते सांगणारच.

"अहो, थोडं इकडचं तिकडे केलंत तर?"

"तसं लिहिलेलं नाही."

भिंतीपलीकडचं मशीन त्या दिवसांत चाललं नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने कागद पुढे धरला. "डॉक्टरांचाच हुकूम समजून भांडी घासलीत ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"पातेल्याची पाठ घासायला सांगणारं माणूस या जगात एकच आहे, साहेब. भांड्यांची ओळ वाचली तेव्हाच ओळखलं, पाठ आली तेव्हा खात्री पटली."

"मग घासलीत कशाला?"

ड्रायव्हरसाहेब थोडे घुटमळले. पण समन्स खिशातच होतं. "हिने तोंडी सांगितलं की बायकोचं ऐकल्यासारखं वाटतं. कागदावर आलं की ती ड्यूटी होते."

न्यायाधीशांनी तोंडाला रुमाल लावला. "आणि गोळी?"

"एकही घेतली नाही. गुंगीचं औषध ड्रायव्हरने घ्यायचं नसतं. कुंडीत टाकत होतो."

"कुंडीत?" आरोपीच्या पिंजऱ्यातून मामी कडाडल्या. "तरीच माझा गुलाब मान टाकून बसलाय! खत घालून घालून मी मेले, आणि हे त्याला झोपवतायत!"

"बाई, शांत राहा!"

"तुम्हीच सांगा साहेब, आता फसवलं कुणी कुणाला?"

फसवला गेलेला माणूसच सापडेना. न्यायाधीशांनी मामींना सोडलं, पण सज्जड दम भरून. पुन्हा औषधाच्या कागदाला हात लावायचा नाही.

"हे लेखी मिळेल का?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

नंतर मामी साध्या चिठ्ठीवर लिहीत आणि संध्याकाळी खाली सही करीत. भांड्यांचा आवाज पूर्ववत सुरू झाला.

दोघं मुलीकडे राहायला गेली, त्याच्या आदल्या दिवशी मामी जिन्यात भेटल्या. हातात पडद्यांच्या कड्यांची पिशवी.

"गुडघा कसा आहे तुमचा?" मला लंगडताना पाहून त्यांनी विचारलं.

"दुखतो. डॉक्टरांनी लिहून दिलंय काहीतरी."

"कागद आहे का जवळ?" त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "नको बाई. राहू दे."

मी हसलो.

"जिन्यातला दिवा लावत जा हो," त्या म्हणाल्या. "पडाल एखाद दिवशी."

"लावतो," मी म्हटलं.