गिरजाबाईच्या हातच्या कण्या

हे मी लेकीला सांगितलं नाही, सुनेला नाही, आणि यांना तर नाहीच — हे गेले तेव्हासुद्धा नाही. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून बहुतेक जीभ उचलतेय. कुणी विचारलं की भाकरी इतकी पातळ थापायला कुठं शिकलात, तर मी सांगते, मोगलाईत एकटी राहिले ना, आपली आपणच शिकले. लोक कौतुक करतात. आणि मी — मी ते करून घेते.

मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख. माझं माहेर, सासर दोन्ही नगरकडचं, इंग्रजी अमलातलं. यांना कडा गावाच्या बाजूला करोडगिरी नाक्यावर कारकुनी मिळाली. सरहद्दीवरून जाणाऱ्या मालावर तिथं जकात घ्यायचे. बैलगाडीनं फार लांब नव्हतं हो ते. पण मला विलायतेला निघाल्यासारखं वाटलं. तिकडचा कागद उर्दूत, शिपायाचं बोलणं निम्मं कळायचं नाही. निघताना सासूबाईंनी बजावलं, की तिकडे कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेऊ नकोस, खाण्यातून करणी करतात.

आणि मला तर काहीच करता येत नव्हतं! आई लहानपणीच गेलेली, मामीच्या घरी नुसती भांडी घासली. सासरी सोवळ्यातला स्वयंपाक सासूबाईंचा, मी निवडणार आणि वाटणार. हे चार-चार दिवस नाक्यावर राहायचे, तिथं आचारी होता. घरी मी एकटी. माझ्या भाकऱ्यांचे नकाशे व्हायचे. कच्चं गिळायचं आणि रडायचं.

राहायला पाटलांच्या आवारात एक खोली होती. त्याच आवारात पलीकडे झोपडी घालून गिरजाबाई राहायची. मेंढरं राखणारं घर. नवरा रानात, ही दारात. एक दिवस मी भाकरी उलटताना हात भाजून घेतला, तर उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "वैनी, पानी कढत हाय का? गार पान्यात जोंधळा वळत न्हाई."

मी दार लावून घेतलं. हिला कसं कळलं मी काय करतेय? बघत बसते की काय?

दुसऱ्या दिवशी ती परत आली. आत पाऊल टाकलं नाही. माझ्या पिठाला हात लावून चालणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून हौदाकाठचा चिखल घेतला, उंबऱ्याबाहेर बसली, तो मळला आणि सपाट दगडावर भाकरी थापून दाखवली. चिखलाची! ती चिखल फिरवणार, मी आत परातीत पीठ. "कडंनं थापा. मधी दाबली की रुसती बगा." मी चुकले की लई हसायची. माझ्या तव्यावरची पहिली भाकरी फुगली तेव्हा माझ्याआधी तीच ओरडली.

मग मला आनंद व्हायला नको होता? मला वाटायचं, ही का शिकवते? हिचा डोळा कशावर आहे — माझ्या पितळेच्या पातेल्यावर, की यांच्यावर? तिनं मेथीची जुडी उंबऱ्यावर ठेवली, तर मी आधी चार पानं कावळ्याला टाकली आणि तो मरतो का ते बघत बसले. कावळा दुसऱ्या दिवशीही आला. तरी मी ती भाजी उकिरड्यावर टाकली. तिनं ती तिथं पाहिली असणार. पुढच्या आठवड्यात परत जुडी ठेवली.

थंडीच्या दिवसांत मला हिवताप भरला. हे नाक्यावर. अंगावर गोधडी, पोटात काही नाही, चूल गार. मीच हाक मारली — हे नीट ऐका, मीच मारली — गिरजाबाई, आत या, काहीतरी करून घाला.

ती उंबऱ्यावरच थांबली. "मालकास्नी कळलं तर?"

मी म्हटलं, नाही सांगत, देवाची शपथ. तेव्हा तिनं हातपाय धुतले, आत आली, जोंधळ्याच्या कण्या शिजवल्या, ताक घालून वाटी माझ्या तोंडाशी धरली. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, आधी तुम्ही खा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. घास खाल्ला, गिळला, तोंड उघडून दाखवलं. मग मला भरवलं.

हे आले तेव्हा मी उठून बसले होते. पण चुलीवर पातेलं पालथं होतं. तसं तिच्या घरी ठेवत असतील. आमच्याकडे चुलीवर भांडं पालथं घालत नाहीत. यांनी एकदा पाहिलं आणि विचारलं, चुलीला कोण शिवलं?

मी म्हटलं, मला शुद्ध नव्हती, ती आपणच शिरली.

इतकं सोपं होतं ते. हे पाटलांकडे गेले. नाक्याच्या कारकुनाला पाटील दुखावणार थोडेच? आवारात सगळ्यांना बोलावलं. गिरजाबाई, तिचा नवरा, आणि मी आमच्या दारात. पाटलांनी मला विचारलं, वहिनी, तुम्ही बोलावलं होतं हिला?

गिरजाबाई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. बाजारात ओळखीचं माणूस दिसावं आणि ते थांबेल असं वाटावं, तशी.

मी मान हलवली. नाही म्हटलं.

तेव्हा ती म्हणाली, "व्हय. मीच शिरले."

तिचा नवरा तिच्याकडे वळला. "का गं?" इतकंच म्हणाला. पाटलांनी झोपडी मोडायला सांगितली. त्याच दुपारी त्या दोघांनी कुडाच्या काठ्या उपटल्या, मेंढरं हाकली. कुठं गेली ते मी कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे पातेली राखेनं घासून, चूल सारवून शुद्ध करून घेतली. यांनी त्या दिवसानंतर माझ्याकडे कधी संशयानं पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, पोर होतीस, तापात होतीस. पोर नव्हते. आणि ताप आदल्या दिवशीच उतरला होता. पाटलांनी विचारलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होते.