वाळूच्या डोंगरावर डबल बेल

आफ्रिकेत जंगल बघायला जाणारी माणसं खाकी घालतात, हे मला नणंदेनं सांगितलं. मी म्हटलं, मग नवीन कशाला शिवायची? कंडक्टरचा ड्रेस पेटीत पडून आहे की. बिल्ला तेवढा काढून ठेवला आणि दोन जोड बॅगेत टाकले. नामिबियात पोचल्यावर बघते तर काय, आमच्याबरोबरचे सगळे परदेशी पाहुणे माझ्याच गणवेशात. फरक एवढाच, त्यांची खाकी कोरी करकरीत आणि माझी धुऊन धुऊन पांढरट पडलेली. मी मनात म्हटलं, तुम्ही सगळे नवीन भरती, सीनियर मीच.

मी सरकारी लाल गाडीवर कंडक्टर होते. सोलापूर डेपो. बार्शी, अक्कलकोट, टेंभुर्णी, सांगाल तो रूट मी केला. दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. ही दोन टोल्यांची डबल बेल देत माझी उमर गेली. लोक उतरायचे, कुणी देवाला, कुणी लग्नाला, कुणी माहेरी. मी शेवटचा माणूस खाली उतरला का बघायचे, सीटांवर नजर टाकायचे, टिंग टिंग, चला पुढं. अक्कलकोट स्टँडवरचा चहावाला माझ्या सुनेची तब्येत विचारायचा, इतकी ओळख. पण स्टँडच्या बाहेरचं गाव विचाराल तर मला ठाऊक नाही. साऱ्या दुनियेला मी उतरवलं आणि मी मात्र गाडीतच उभी. गुडघे गेले ते त्यातच.

नणंद शाळेत इंग्रजी शिकवायची, आता तीही घरी. तिला जन्माची हौस एकच, मोकळ्या रानातला हत्ती बघायचा. एक दिवस ती आमच्या सात रस्त्याच्या घरी आली आणि फोनवर सहलीचे फोटो दाखवायला लागली. हत्ती झाले, सिंह झाले. मग एक फोटो आला. तांबड्या वाळूचा डोंगर, सुरीच्या धारेसारखी त्याची कड, आणि त्या कडेवरनं चाललेली मुंगीएवढी माणसं. मी विचारलं, वन्सं, हितं गाडी जाते? ती म्हणाली, न्हाय, हितं चालतच जायचं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग मी येते.

घरात ही बातमी फुटल्यावर सगळे हसले. माझा नवरा टेंभुर्णीकडचा, शेती करून हाडं टणक झालेला, तो तर पोट धरून हसला. म्हणाला, जल्मभर गाडीत हुबी ऱ्हायलीस, आता तितंबी गाडीतनंच बघणार. त्या डोंगरावर उतरून चढून दाव, मग खरं. मला राग आला. माझा राग म्हणजे साधा नव्हे, दोन दिवस चहात साखर कमी पडते. पण खरं सांगते, रागाच्या खाली भीती होती. हे गुडघे घेऊन मी चढणार कशी? आणि नाही चढले तर हा माणूस मरेपर्यंत तेच तेच ऐकवणार.

आमची गाडी म्हणजे ट्रकच, मागं खुर्च्या आणि मोठ्या खिडक्या बसवलेला. चालवायला आणि माहिती द्यायला एकच माणूस. उंच, सावकाश बोलणारा, तिथलाच. रोज संध्याकाळी आपापला तंबू आपणच ठोकायचा. जेवण झाल्यावर ताटं धुऊन फडक्यानं न पुसता हवेत हलवून वाळवायची, असा त्यांचा नियम. नणंद आणि मी दोन ताटं घेऊन पंख्यासारखे हात हलवत उभ्या राहायचो. ती म्हणायची, वैनी, लग्नात नवरदेवाला वारा घालताना पण एवढं हात दुखलं न्हाईत. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आम्ही सोलापूरहून नेली होती. तिसऱ्या दिवसापासून पाहुणे लाइन लावून चटणी मागायला लागले आणि पाण्यासाठी पळायला लागले.

पहिले काही दिवस जंगलात. तिथं एक नियम गाइडनं पुन्हा पुन्हा सांगितलेला, नणंदेनं मराठीत करून माझ्या कानात ओतलेला. काहीही होवो, गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. मला आतून चीड यायची. आफ्रिकेत येऊनही माझ्या नशिबी गाडीच. पण मग झेब्र्यांचा कळप रस्ता ओलांडायचा, जिराफ पाणी प्यायला पाय फाकवून वाकायचा, आणि मी चीड विसरायचे. नणंद तर खिडकीला चिकटलेली असायची.

आणि मग तिचा हत्ती आला. रस्त्याच्या मधोमध, एकटा, पांढऱ्या धुळीनं माखलेला. ट्रक थांबला. हत्तीनं कान पसरले आणि दोन पावलं आमच्याकडं टाकली. गाइडनं हळूच रिव्हर्स टाकला. रिव्हर्सचा तो आवाज कानावर पडला आणि पुढचं सगळं माझ्या हातापायांनी केलं, डोक्यानं नाही. गाडी मागं घेताना कंडक्टर खाली उतरतो, मागं उभा राहतो, पत्र्यावर थाप मारत येऊ द्या येऊ द्या म्हणतो. इतकी वर्षं हेच केलेलं. मी उठले, दार उघडलं, तीन पायऱ्या उतरले आणि ट्रकच्या मागं जाऊन उभी राहिले. पत्र्यावर थाप मारली. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, येऊ द्या.

ट्रक जागच्या जागी थांबला. पुढं हत्ती, मागं मी. गाइडला ना पुढं जाता येईना ना मागं. आरशात त्याचा चेहरा दिसला आणि तेव्हा मला कळलं की मी कुठं उभी आहे. त्यानं आवाज केला नाही, फक्त खिडकीतून हात काढून दाराकडं बोट दाखवलं. मी कशी चढले मला आठवत नाही. नणंदेनं खाकीची कॉलर धरून मला आत ओढलं आणि दार लावलं. ट्रक सरसर मागं गेला. हत्तीनं थोडा वेळ आमच्याकडं बघितलं आणि तो झुडपांत निघून गेला.

सुरक्षित जागी आल्यावर गाइड मागं आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला मी उत्तर देऊ शकते. तो हळू आवाजात बोलला आणि नणंदेनं तसंच हळू आवाजात मराठी केलं. पुन्हा एकदा त्याला न विचारता खाली उतरले, तर वाळूच्या डोंगराच्या दिवशी मला ट्रकमध्येच बसून राहावं लागणार.

चूक माझी होती, हत्तीसमोर उतरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण त्या डोंगरासाठी तर मी आले होते. त्या दिवसापासून मी शाळेतल्या पोरीसारखी वागले. पेट्रोल पंपावर सगळे धडाधड उतरायचे आणि मी बोट वर करून बसायचे, गाइडनं मान हलवली की उतरायचं. नणंदेला लई मजा वाटायची. ती म्हणायची, दादाला फोटो पाठवू का? मी म्हटलं, पाठवा, मग परत येताना तुमची बॅग तुमीच उचला. तिनं नाही पाठवला.

जंगल संपलं, रान उघडं पडत गेलं आणि एका पहाटे आम्ही त्या डोंगराच्या पायथ्याशी आलो. उजाडत होतं. फोटोत तो तांबडा होता, समोर तो गुलाबी दिसत होता आणि इतका उंच की मान मोडावी. गाइडनं सांगितलं की डोंगराच्या पलीकडं खाली पांढऱ्या मातीचं एक सपाट मैदान आहे. सध्या ते सावलीत आहे. त्या मैदानावर ऊन पोचलं की तो शिट्टी वाजवणार आणि जो जिथं असेल त्यानं तिथूनच परत फिरायचं, कारण नंतर वाळू तापते. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बोट वर केलं. तो हसला आणि त्यानं दार उघडलं.

वाळू गार होती. बूट काढून गळ्यात अडकवले. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरायचं. कड इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस. मागून कुणी आलं की मी बाजूला सरायचे आणि त्याला वाट द्यायचे. चला, पुढं चला. एक म्हातारं जोडपं गेलं, चला. दोन पोरी गेल्या, चला. असं करता करता सगळे पुढं गेले आणि मागं राहिलो आम्ही दोघी आणि सगळ्यांच्या शेवटी गाइड. नणंदेला धाप लागली होती. ती दहा पावलं चालायची आणि थांबायची. ती थांबली की मीही थांबायचे. अर्ध्या वाटेवर ती वाळूतच बसली आणि म्हणाली की आता तिला जमत नाही. मी तिच्या शेजारी उभी राहिले. माणूस मागं ठेवून गाडी कशी न्यायची?

समोरच्या टेकडीवर ऊन खाली खाली उतरत होतं. गाइड ते बघत होता, मीही बघत होते. त्यानं हातानं खूण केली, मी हिच्याजवळ बसतो, तुम्ही जा. मी हलले नाही. मी म्हटलं, थोडा दम खाऊ द्या, दोघी मिळून जाऊ. मग नणंदेनं माझ्याकडं वर बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

"वैनी, तुमी माझी वाट बघत न्हाईत. सगळ्यांना फुडं घालून आपण मागं ऱ्हायची तुमाला सवय लागलीय. मी माझा हत्ती बघितला, माझं भरून पावलं. हा डोंगर तुमचा हाय. मी हितं उतरले असं समजा आन् जावा."

मला रडू आलं. भर वाळूत, गुडघ्यावर हात ठेवून मी रडले, आणि रडताना पण डोळे त्या उन्हाकडं. मग मी वळले. एक पाऊल टाकलं आणि सवयीनं मागं बघितलं. तेवढ्यात नणंदेनं हातातली बांगडी स्टीलच्या बाटलीवर मारली.

टिंग टिंग.

साऱ्या नोकरीत डबल बेल मी दिली होती. मला कुणी दिली नव्हती. मी चालायला लागले. गुडघे कळवळले, त्यांना शिव्या दिल्या. वाळू घसरायची, मी हातांनी चढायचे, चार पायांवर, जनावरासारखी, लाज कुणाची बाळगायची तिथं? मागं एकदाही बघितलं नाही. वरच्या माणसांनी मला येताना बघितलं आणि ती सगळी कडेवर पुढं सरकली, मला जागा करून द्यायला. न सांगता. आयुष्यभर पुढं सरका, पुढं सरका म्हणून माझा घसा बसला, आणि इथं बघा.

मी वर पोचले. खाली ते पांढरं मैदान होतं, त्यात वाळलेल्या झाडांची काळी खोडं, आणि ऊन मैदानाच्या काठाला नुकतं टेकत होतं. चारी बाजूंना वाळूचे डोंगर, संपतच नव्हते. मी माझ्या पायांनी इथं आले होते. मग खालून शिट्टी वाजली. पण आता वाजेना का.

परतताना सरळ उतारावरून पळत खाली यायचं असतं. वाळू पायाखालून पाण्यासारखी वाहते आणि गुडघ्यांना काही होत नाही. मी पळाले. साठी ओलांडलेली बाई खाकी ड्रेसमध्ये ओरडत खाली पळतेय आणि नणंद कडेवरून टाळ्या वाजवतेय. मागोमाग नणंदेला घेऊन गाइड खाली आला. त्यानं माझा हात हातात घेतला, मग अंगठा पकडला, मग पुन्हा हात. ती त्यांची पद्धत आहे. मी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, ती आपली पद्धत.

शेवटी समुद्र. वाळवंट तापलेलं आणि समुद्रावर मात्र धुकं, थंडगार वारा, शाल पांघरावी असा. ट्रक किनाऱ्याला थांबला. सगळे आपापल्या जागी बसून राहिले आणि माझ्याकडं बघायला लागले. गाइडनं दार उघडलं आणि बोटानं मला खूण केली, आधी तुम्ही. मी पहिली उतरले. वाळूतून सरळ चालत गेले, पायावर लाट आली, मी किंचाळले, इतकं गार पाणी.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो टेंभुर्णीला गोठ्यात होता, मागं म्हैस ओरडत होती. डोंगर चढले ते आधी सांगितलं. मग त्यानं विचारलं, "आन् आता कुटं हाईस? गाडीत?"

"न्हाय," मी म्हटलं. "पाण्यात हुबी हाय. सगळ्यांच्या आधी उतरले. मागं कोण ऱ्हायलंय, ते बघितलंबी न्हाय."